कुबट ढेप आणि पाकिटातले जिवाणू

वाचक विचारतात

पावसाळा सरता सरता इंदूर, महू, देवास, देपालपूरकडून आलेल्या पत्रांत या खेपेला पशुखाद्यातल्या विषांचे प्रश्न फार होते. ढेपेला बुरशी लागली आहे, दुकानदार जिवाणूंची पावडर देतो आहे, ती घ्यावी का, हा प्रश्न तर चार-पाच पत्रांत निरनिराळ्या शब्दांत आला. सारखी पत्रे एकत्र करून उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : सांवेर रोडला आमच्या नऊ म्हशी आणि चार गाई आहेत. कपास्या खली (सरकीची ढेप) आणि मक्याची चुरी मंडीतून एकदम वीस-पंचवीस पोती उचलतो. या वेळी खालच्या थरातल्या पोत्यांना कुबट वास येतोय, दोन पोत्यांत तर हिरवट गोळे निघाले. दुकानदार म्हणतो, टनाला दोन किलो ही पावडर टाका, यातले जिवाणू विष खाऊन टाकतात. टाकू का?
— एक दूध उत्पादक, इंदूर

उत्तर : आधी त्या दोन पोत्यांचा निकाल लावा. हिरवे गोळे निघालेली पोती गुरांना घालायची नाहीत, आणि गोळे वेचून उरलेला माल खपवायचाही नाही. या बुरशीचे विष, अफ्लाटॉक्सिन, डोळ्यांना दिसणाऱ्या गोळ्यापुरते नसते, ते आजूबाजूच्या स्वच्छ दिसणाऱ्या मालातही असते. ‘म्हशीला नको तर कोंबड्यांना घालू’ हा विचार त्याहून वाईट, कारण कोंबडीचे पिल्लू आणि बदक या विषाला म्हशीपेक्षा कितीतरी नाजूक. 1960 साली इंग्लंडात एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले तेव्हाच या विषाचा शोध लागला, आणि त्याला कारण शेंगदाण्याची पेंडच होती. नाकाला फडके बांधून तो माल शेणखताच्या खड्ड्यात गाडा.

आता पावडर. पाकीट उलटे करून घटक वाचा. बेंटोनाइट, ॲल्युमिनोसिलिकेट, यीस्टची पेशीभित्ती असे लिहिलेले असेल तर त्यात विष खाणारे काही नाही. ती चिकटवणारी पावडर आहे. बेंटोनाइट ही एक माती. अफ्लाटॉक्सिनचा चपटा रेणू तिच्या थरांत अडकतो आणि शेणावाटे बाहेर पडतो. हे काम ती खरोखर करते, पण अफ्लाटॉक्सिनपुरतेच. मक्यात हमखास आढळणारे फ्युमोनिसिन किंवा झिअरालेनोन तिला नीट धरता येत नाही. दुधात उतरणारे विष अशा मातीने कधी पाव, कधी निम्म्याहून अधिक कमी होते. शून्य होत नाही.

विष खरोखर तोडणारे सूक्ष्मजीव आहेत, पण प्रत्येकाचे कुलूप वेगळे. गाईच्याच कोठीपोटातून वेगळा केलेला एक जिवाणू डीऑक्सिनिव्हॅलेनॉल या गव्हा-मक्यावरच्या विषाचा घातक भाग मोडतो. युरोपीय संघाने 2013 मध्ये डुकरांच्या खाद्यासाठी त्याला मान्यता दिली. फ्युमोनिसिन तोडणाऱ्या विकराला 2014 मध्ये मान्यता मिळाली. वाळवीच्या आतड्यात सापडलेले ट्रायकोस्पोरॉन जातीचे एक यीस्ट ऑक्राटॉक्सिन आणि झिअरालेनोन तोडते. तुमच्या ढेपेत मात्र मुख्य भीती अफ्लाटॉक्सिनची, आणि या तिघांपैकी एकाचाही त्याच्याशी संबंध नाही.

अफ्लाटॉक्सिन तोडणाऱ्याचा शोध जुना आहे. 1966 साली अमेरिकेत सुमारे हजार सूक्ष्मजीव तपासले गेले, त्यांत फ्लॅव्होबॅक्टेरियम ऑरॅन्टिॲकम या एकाच जिवाणूने हे विष द्रवातून कायमचे नाहीसे केले. पुढे ऱ्होडोकॉकस आणि बॅसिलसच्या काही वाणांतही ही शक्ती आढळली. तरी ते ढेपेच्या पोत्यात का चालत नाहीत? एक तर तो पहिला जिवाणू गडद नारिंगी रंगाचा; पुरेसा टाकला तर खाद्य रंगते. दुसरे कारण जास्त महत्त्वाचे. ढेपेत ओलावा 10 टक्क्यांच्या आसपास असतो, तेवढ्यात कोणताही जिवाणू जागा होत नाही. तो जागा व्हायचा तो गुराच्या पोटात. पण तिथे अफ्लाटॉक्सिन अर्ध्या तासाच्या आत रक्तात पोचलेले असते. जिवाणू आळस झटकेपर्यंत चोर घराबाहेर पडलेला असतो.

तेव्हा दुकानदाराला तीनच गोष्टी विचारा: जिवाणूचे नाव काय, तो कोणते विष तोडतो, आणि ग्रॅमला जिवंत पेशी किती. नुसते ‘प्रोबायोटिक’ असे उत्तर मिळाले तर पैसे वाचवा. बाकीच्या पोत्यांतली ढेप तपासून 20 पीपीबीच्या (किलोमागे 20 मायक्रोग्रॅम विषाच्या) थोडी वर निघाली आणि टाकून देणे परवडत नसेल, तर बेंटोनाइट पाकिटावरच्या मात्रेने घाला, शिवाय त्या ढेपेचे प्रमाण रोजच्या खुराकात निम्मे करा. नुसत्या पावडरीवर विसंबून पूर्ण मात्रा चालू ठेवू नका.

साठवणीबद्दल थोडे. जमिनीवर थेट रचलेल्या खालच्या थरातच बुरशी येते, कारण फरशी थंड, पोत्यातली हवा दमट, आणि तिथे पाण्याचे थेंब धरतात. लाकडी फळ्या किंवा पॅलेट वीतभर उंच ठेवा, भिंतीपासून हातभर जागा सोडा. चुरी 13 टक्क्यांपेक्षा जास्त ओली घेऊच नका. मक्याच्या ओलाव्याचा घरगुती अंदाज असा: कोरड्या काचेच्या बाटलीत मूठभर मका आणि दोन-तीन चमचे पूर्ण सुकवलेले मीठ घाला, झाकण लावून दोन मिनिटे हलवा, दहा मिनिटे ठेवा. मीठ काचेला चिकटले तर ओलावा 15 टक्क्यांच्या वर आहे, तो माल परत करा. आणि पावसाळ्यात वीस-पंचवीस पोती एकदम उचलण्यात जो भाव वाचतो, तो एका खराब पोत्यात निघून जातो. पंधरा दिवसांचाच माल घ्या.

प्रश्न : संकलन केंद्रावर आमच्या दुधात ‘एम-1’ (दुधात उतरणारे अफ्लाटॉक्सिन) जास्त असल्याचे सांगितले. दूध नीट उकळून दिले तर चालेल का? आणि ढेपेत किती विष असले म्हणजे दुधात इतके येते?
— महू

उत्तर : उकळून काहीही होत नाही. अफ्लाटॉक्सिन उष्णतेला दाद देत नाही, पाश्चरीकरणालाही नाही. दही लावले तर विरजणातले काही जिवाणू थोडे एम-1 स्वतःच्या पेशीभित्तीला धरून ठेवतात, पण ती पकड सुटते. तो उपाय समजू नका.

हिशेब सोपा आहे. गाईने खाल्लेल्या बी-1 पैकी, म्हणजे ढेपेतल्या मूळ अफ्लाटॉक्सिनपैकी, साधारण 1 ते 3 टक्के एम-1 होऊन दुधात उतरते, भरपूर दूध देणाऱ्या गाईत त्याहूनही जास्त. समजा ढेपेत 100 पीपीबी, म्हणजे किलोमागे 100 मायक्रोग्रॅम बी-1 आहे आणि गाय रोज 5 किलो ढेप खाते. पोटात गेले 500 मायक्रोग्रॅम. 2 टक्क्यांनी 10 मायक्रोग्रॅम दुधात. गाय 10 लिटर देत असेल तर लिटरला 1 मायक्रोग्रॅम. भारतातली मर्यादा किलोमागे 0.5 मायक्रोग्रॅम, म्हणजे तुम्ही दुप्पट. तीच ढेप 20 पीपीबीची असती, आणि पशुखाद्यासाठी भारतीय मानकाची मर्यादा तीच आहे, तर दूध 0.2 वर राहिले असते.

ढेप आज बदला. तीन-चार दिवसांत दूध स्वच्छ होते. हे विष शरीरात वर्षानुवर्षे साठून दुधात झिरपत राहत नाही, एवढा दिलासा आहे. यकृताची झालेली हानी मात्र इतक्या लवकर भरत नाही.

नवी ढेप घेताना तपासून घ्यायची असेल तर नमुन्यात चूक करू नका. विष सगळ्या पोत्यांत सारखे नसते. एका गोळ्यात हजारो पीपीबी आणि शेजारी काही नाही, असे असते. म्हणून एका पोत्याच्या तोंडातून घेतलेली ओंजळ बिनकामाची. परखीने प्रत्येक पोत्याच्या वर, मध्ये आणि तळाशी टोचून एकूण चार-पाच किलो जमा करा, सगळे दळा, ढीग करून चार भाग पाडा, समोरासमोरचे दोन ठेवा, पुन्हा तसेच, असे करत अर्धा किलो उरवा. कागदी पिशवीत भरा. प्लॅस्टिकमध्ये वाटेतच घाम धरून बुरशी वाढते. निळसर दिव्याखाली हिरवट-पिवळी चकाकी पाहून सांगणारे असतात. तो इशारा समजा, निकाल नव्हे. चकाकणारा पदार्थ बुरशीचा असतो, विषाचा नव्हे.

हे फार बारकाईचे वाटत असेल तर एवढे लक्षात घ्या: 1974 मध्ये आपल्या शेजारच्या, राजस्थान-गुजरातमधल्या बांसवाडा-पंचमहाल पट्ट्यात बुरशी लागलेला मका खाऊन शंभराहून अधिक माणसे यकृत निकामी होऊन गेली, आणि गावातली कुत्रीही.

प्रश्न : शेतात काडीकचरा कुजवायला डीकंपोझरचे द्रावण करतो. ट्रायकोडर्माही घरात आहे. तेच ढेपेवर शिंपडून झाकून ठेवले तर बुरशी मरेल का?
— हातोद

उत्तर : नको. ट्रायकोडर्मा ही बुरशी दुसऱ्या बुरशीला मारते हे खरे, पण आधीच तयार झालेले विष तसेच राहते, आणि ओली ढेप झाकून ठेवल्याने अफ्लाटॉक्सिन करणाऱ्या अस्परजिलस बुरशीला हवी तशी ऊब मिळते. कुजवणारे द्रावण शेणापासून केलेले. त्यात काय काय वाढते आहे याचा कुणालाच पत्ता नसतो. खताची गोष्ट खतात राहू द्या. पत्रात ताकात भिजवण्याचेही विचारले आहे: रात्रभर ताकात भिजवल्याने फायटेट थोडे सुटते, कोंबड्यांना स्फुरद जास्त मिळतो. अफ्लाटॉक्सिन जिथल्या तिथे.

प्रश्न : सोयाबीनला भाव नाही. घरचेच दळून म्हशींना घालावे म्हणतो. खुराकात युरिया असतो, त्याने काही बिघडेल का? आणि वासरांसाठी डीओसी (तेल काढून उरलेली सोयापेंड) आंबवून देतात असे ऐकले, त्याची पद्धत द्या.
— राऊ

उत्तर : पहिल्या भागाचे उत्तर ठळक अक्षरांत हवे होते: कच्चे सोयाबीन आणि युरिया एकत्र कधीही घालू नका. कच्च्या दाण्यात युरिएज नावाचे विकर असते, ते युरियाचा अमोनिया करते. मिसळलेले खाद्य पोत्यातच उग्र वासाचे होते, आणि जनावराच्या पोटात अमोनिया एकदम सुटला तर तासाभरात जनावर आडवे होते. घरी खात्री करायची असेल तर दोन चमचे सोयाबीन भरडा, एक चमचा युरिया आणि थोडे कोमट पाणी झाकणाच्या बाटलीत ठेवा. पंधरा-वीस मिनिटांनी झाकण काढल्यावर नाक झोंबले तर दाणा कच्चा. भाजलेल्या दाण्यावर हीच परीक्षा करा. वास आला नाही तर भाजणी पुरेशी झाली. मोठ्या म्हशीला युरियाशिवाय दिवसाला किलोभरापर्यंत भरडलेले कच्चे सोयाबीन चालते, त्यापुढे त्यातल्या तेलाने पचन बिघडते. चार महिन्यांखालच्या वासराला कच्चे अजिबात नको.

आता आंबवण्याचे. डीओसी कारखान्यात वाफाळलेली असल्याने तिच्यातला, प्रथिने पचवणाऱ्या ट्रिप्सिनला अडवणारा घटक बहुतेक मेलेला असतो. उरतात त्या दोन गोष्टी: ग्लायसिनिन आणि बीटा-कॉनग्लायसिनिन ही प्रथिने, ज्यांनी कोवळ्या आतड्याला सूज येते, आणि स्टॅकिओज-रॅफिनोज या साखरा, ज्यांनी पोट फुगते, हगवण लागते. बॅसिलस सब्टिलिस या दोन्ही तोडतो. दूध तोडलेल्या वासराला, कोंबडीच्या पिलांना याचा उपयोग आहे. मोठ्या म्हशीसाठी हा खटाटोप करू नका. तिचे कोठीपोट हेच काम फुकट करते, आणि आधीच तुटलेले प्रथिन तिथे घाईने अमोनिया होऊन वाया जाते.

10 किलो डीओसीला साडेसहा लिटर पाणी लागते, त्याने ओलावा 45 टक्क्यांच्या आसपास येतो. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, बोटांतून पाणी गळू नये. गळले तर आत हवा खेळत नाही आणि सडते. गोळाच झाला नाही तर जिवाणू वाढत नाही. पाणी बोअरचे घ्या. नर्मदेचे नळाचे पाणी वापरायचे तर रात्रभर उघड्या पातेल्यात ठेवा, नाहीतर त्यातला क्लोरीन तुमच्याच जिवाणूंना मारील.

भिजवलेला माल अर्धा तास वाफवा आणि 40 अंशांपर्यंत निवू द्या. इथे रेंगाळू नका. वाफेने साधे जंतू मरतात, पण काहींचे बीजाणू जगतात, आणि निवत ठेवलेल्या उबदार मालावर ते ताबा मिळवतात. पशुखाद्यासाठीचा बॅसिलस सब्टिलिस, पाकिटावर ग्रॅमला शंभर कोटी पेशी लिहिलेला, 100 ग्रॅम घ्या. अर्धा लिटर कोमट पाण्यात 50 ग्रॅम गुळाबरोबर अर्धा तास ठेवून मालावर शिंपडा, धुतलेल्या हातांनी कालवा. शेतीच्या दुकानातला, पिकांवर फवारायचा बॅसिलस याला चालणार नाही; त्यातली भरी आणि शुद्धता खाद्यासाठी तपासलेली नसते.

स्टीलच्या किंवा बांबूच्या ताटांत चार-पाच सेंटिमीटर जाडीचा थर द्या, वर ओलसर सुती कापड. प्लॅस्टिकने झाकू नका, याला हवा लागते. खोली 37 ते 40 अंश. बारा-चौदा तासांनी माल आपोआप तापू लागतो. मध्यभागी थर्मामीटर खुपसून पाहा, 45 च्या पुढे गेला तर उलथापालथ करून थर पातळ करा. न उलथता सोडलेला थर मध्ये करपल्यासारखा काळपट आणि कडेला कच्चा राहतो, आणि बहुतेकांचे पहिले ताट इथेच बिघडते. चोवीस ते छत्तीस तासांत पांढुरकी साय धरते, उचलल्यावर बारीक तार सुटते, वास मंद आणि किंचित अमोनियाचा असतो. वास डोळ्यांत पाणी आणण्याइतका तीव्र झाला म्हणजे फार पुढे गेले, प्रथिन हवेत चालले. हिरवी, काळी किंवा नारिंगी लव दिसली, कुजका वास आला, तर पूर्ण ताट खतात.

वाळवणे सर्वांत जोखमीचे. इतका पौष्टिक ओला माल हळूहळू वाळला तर त्याच्यावर अफ्लाटॉक्सिनची बुरशीच बसते, म्हणजे एक विष काढताना दुसरे कमावले. 60 अंशांच्या वाळवणयंत्रात पातळ थरात आठ-दहा तासांत 10 टक्क्यांवर आणा. ऑक्टोबरच्या कडक उन्हात जमते. पावसाळी हवेत आंबवायला घेऊच नका. न वाळवता द्यायचे असेल तर त्याच दिवशी संपवा. वासरांच्या खुराकात किलोला 100 ग्रॅम, पिलांना 50 ग्रॅम इथून सुरुवात करा.

प्रश्न : झाबुआहून कडकनाथ आणले आहेत, अंड्यांसाठीच. कपास्या खली स्वस्त पडते. कोंबड्यांना आंबवून दिली तर चालेल ना?
— महू रोड

उत्तर : सरकीतले विष गॉसिपॉल. कडकनाथला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून अंड्यांना भाव आहे, पण बलक हिरवट-तपकिरी निघाला तर गिऱ्हाईक तो कडकनाथचा गुण समजणार नाही. अंड्यावरच्या कोंबडीच्या एकूण खाद्यात मोकळे गॉसिपॉल किलोमागे 50 मिलिग्रॅमच्या वर गेले की साठवलेल्या अंड्यांत असा रंग उतरू लागतो.

मोकळे हा शब्द महत्त्वाचा. प्रथिनाला बांधले गेलेले गॉसिपॉल फारसे बाधत नाही. गरम एक्स्पेलरमधून निघालेल्या खलीत बरेचसे बांधलेले असते, थंड घाण्याच्या खलीत मोकळे जास्त, अख्ख्या सरकीत सर्वांत जास्त. म्हैस ते कोठीपोटात बांधून टाकते, कोंबडी, डुक्कर आणि कोवळे वासरू यांना ती सोय नाही.

कॅन्डिडा ट्रॉपिकॅलिस हे यीस्ट आणि बॅसिलस सब्टिलिस खलीतले मोकळे गॉसिपॉल पुष्कळ कमी करतात: ओलावा 50 टक्के, 30 अंश, दोन दिवस. पण कॅन्डिडाचे काही वाण माणसाला रोग देतात. तपासलेला वाण हातात नसताना घरी तो वाढवू नये. बॅसिलसने करायचे तर वरच्या उत्तरातली रीतच. फक्त सरकीच्या टरफलामुळे खली पाणी अडवून धरते, म्हणून पाणी दोन टप्प्यांत घाला. मोकळे गॉसिपॉल किती उरले हे तपासल्याशिवाय मात्र प्रमाण वाढवता येत नाही.

आमच्या मते तुमच्यासाठी हिराकस (फेरस सल्फेट) सोयीचा. लोह गॉसिपॉलला बांधते. अंड्यावरच्या कोंबडीला गॉसिपॉलच्या चौपट लोह धरतात. खलीत मोकळे गॉसिपॉल किलोमागे 1 ग्रॅम निघाले आणि खाद्यात खली 5 टक्के घातली, तर खाद्याच्या किलोमागे 50 मिलिग्रॅम गॉसिपॉल, त्याला 200 मिलिग्रॅम लोह. हिराकसात लोह पंचमांश, म्हणून किलोला 1 ग्रॅम, क्विंटलला 100 ग्रॅम हिराकस, बारीक वाटून. 5 टक्क्यांपुढे जाऊ नका. सरकीच्या उरलेल्या तेलातली काही आम्ले पांढऱ्याला गुलाबी करतात, त्यावर हिराकसचा काही इलाज चालत नाही.

प्रश्न : बांधावर सुबाभूळ भरपूर आहे. शेळ्यांना दोन महिने मुख्यतः तोच पाला घालतोय. पाठीवरचे केस गळताहेत, दोन पिल्ले गळ्याला गाठ घेऊन जन्मली. मीठ आयोडीनचे देतो, तरी फरक नाही.
— देपालपूर

उत्तर : फरक पडणारही नाही. सुबाभळीत मिमोसिन असते. कोठीपोटातले साधारण जिवाणू त्याचे डीएचपी नावाचे दुसरे विष करतात आणि तिथेच थांबतात. मिमोसिनने केस जातात, डीएचपीने गलगंड होतो, आणि हा गलगंड आयोडीन दिल्याने टळत नाही. अर्धवट तुटलेले विष असे दुसऱ्याच वाटेने नडते.

पूर्ण तोडणारा जिवाणू सापडल्याची हकिकत पशुपोषणात फार मानाची. ऑस्ट्रेलियात सुबाभळीवर गुरे झुरत होती, हवाई बेटांवरच्या शेळ्या मात्र तीच खाऊन ठणठणीत. रेमंड जोन्स या शास्त्रज्ञाने ताडले की फरक शेळीत नाही, तिच्या कोठीपोटातल्या रहिवाशांत आहे. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला हवाईच्या जनावरांतले जिवाणू ऑस्ट्रेलियातल्या गुरांच्या पोटात सोडले, आणि काही दिवसांत त्यांच्या लघवीतले डीएचपी नाहीसे झाले. 1992 मध्ये त्या जिवाणूला जोन्स यांच्याच नावाने सिनर्जिस्टीस जोन्सिआय म्हटले गेले. हा हवा लागली की मरतो. म्हणून त्याची कोरडी पावडर कुणी विकत असेल तर विश्वास ठेवू नका.

डीएचपी तोडणारे जिवाणू भारतातल्या शेळ्या-गुरांतही आढळले आहेत, फक्त प्रत्येक कळपात पुरेसे असतील असे नाही. तेव्हा आधी सुबाभूळ तीन आठवडे पूर्ण बंद करा. केस परत येतात. मग दिवसाला 100 ग्रॅम पाल्यापासून सुरू करून दर आठवड्याला थोडे वाढवा. कोरड्या हिशेबाने एकूण चाऱ्याच्या 30 टक्क्यांवर नको: 30 किलोची शेळी दिवसाला किलोभर कोरडा चारा खाते, म्हणजे सुबाभळीचा ओला पाला किलोपर्यंतच. कोवळ्या शेंड्यांत मिमोसिन सर्वांत जास्त, ते कमी घाला. गाभण शेळीला शेवटचे दोन महिने देऊ नका. शेजारी वर्षानुवर्षे सुबाभळीवर निरोगी असलेला कळप असेल तर त्यातल्या दोन शेळ्या महिनाभर आपल्या गव्हाणीवर बांधा. जिवाणू लाळेवाटे, एका गव्हाणीतल्या उष्ट्यातून पसरतात.

निरोगी शेळीच्या कोठीपोटातला द्रव नळीने दुसरीच्या पोटात देण्याचा उपायही आहे, साधारण अर्धा लिटर, 39 अंशांच्या थर्मासातून अर्ध्या तासाच्या आत. तो पशुवैद्यानेच करावा. देणारी शेळी रोगमुक्त आहे हे आधी तपासावे लागते, आणि नळी श्वासनलिकेत गेली तर शेळी हातची जाते.

घोड्याला सुबाभूळ मुळीच नको. शेपटीचे केस झडतात.

प्रश्न : पाऊस ओढ दिल्यावर ज्वारी खुरटली, आता नवे फुटवे आलेत. मुरघास केला तर किराळ (कोवळ्या ज्वारीची विषबाधा) लागण्याची भीती जाते का? आणि जिवाणू कल्चर घालावे का?
— देवास

उत्तर : पाण्याच्या ताणानंतरचा कोवळा फुटवा सर्वांत घातक. त्यातले धुरिन चावल्याबरोबर फुटते, कोठीपोटातले जिवाणूही ते झपाट्याने फोडतात आणि हायड्रोसायनिक आम्ल सुटते. दहा-पंधरा मिनिटांत जनावर धापा टाकत पडते, रक्त लालभडक दिसते. तेव्हा काढे करत बसू नका, लगेच पशुवैद्यकीय मदतीच्या 1962 या क्रमांकावर फोन लावा. शिरेतून सोडियम नायट्राइट आणि थायोसल्फेट हाच उतारा, आणि तो डॉक्टरनेच द्यायचा.

मुरघासाने भीती बरीच कमी होते, कारण कुट्टी करताना आणि खड्डा उघडताना विषारी वायू उडून जातो. तरी फुलोऱ्याआधी कापू नका, खड्डा निदान दीड महिना बंद ठेवा, आणि काढलेला मुरघास तासभर पसरून मग घाला. लॅक्टिक जिवाणूंचे कल्चर आम्ल लवकर तयार करते, चारा कमी वाया जातो. टनाला एकूण दहा हजार कोटी पेशी पुरतात, हल्ली पाकिटातला एक-दोन ग्रॅम तेवढा असतो. धुरिन तोडण्यासाठी म्हणून मात्र ते विकत घेऊ नका. आणि चाऱ्याला आधीच बुरशी असेल तर तिचे विष मुरघासातही तसेच टिकते.

खुरटलेल्या ज्वारीत दुसरे विषही असते, नायट्रेट. कोठीपोटात त्याचे नायट्राइट होते, आणि ते नायट्रेटपेक्षा कितीतरी घातक. रक्त चॉकलेटी दिसते, उतारा मिथिलीन ब्लू. लालभडक की चॉकलेटी हे फोनवरच सांगितलेत तर डॉक्टर योग्य औषध घेऊन निघतील. चारा वाळवल्याने नायट्रेट कमी होत नाही, मुरवल्याने साधारण निम्मे होते. कमी होताना त्यातले काही पिवळट-तपकिरी वायू होऊन पहिल्या दोन-तीन आठवड्यांत खड्ड्याच्या कडेने निघते. तो हवेपेक्षा जड असतो, खोलगट जागी साचतो. तेवढे दिवस खड्ड्यात उतरू नका, जवळ वासरू बांधू नका, मुलांना खेळू देऊ नका.